मनूची चिठ्ठी

आमचा कट्टा पार्ले पूर्वेला, शशीच्या मेडिकलला लागून असलेल्या बंद गाळ्याच्या पायरीवर. गाळ्याचा मालक कुठे असतो ते कुणालाच माहीत नाही. शटर वर्षानुवर्षं खाली, त्यामुळे पायरीवर वहिवाट आमची. विमानतळ हाकेच्या अंतरावर. डोक्यावरून विमान गेलं की बोलणारा मधेच थांबतो, ऐकणाराही थांबतो आणि आवाज विरला की वाक्य तिथूनच पुढे चालू होतं. नवीन माणसाला वाटतं, ह्यांना झटका आला की काय.

परवा गुरुवारी संध्याकाळी विनय आला. मे महिन्याचा उकाडा, शर्ट पाठीला चिकटलेला, हातात कापडी पिशवी. शनिवारी रात्री बायको-मुलासकट लंडनला निघायचंय, बहिणीकडे, तीन आठवडे. मुलगा चार वर्षांचा. त्याला मागच्या वर्षी दोनदा फिट आली होती, तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ बाटलीचं औषध चालू आहे.

"शशी, एखादी मोठी रिकामी प्लास्टिकची बाटली आहे का रे?"

"कशाला?"

"ह्या दोन बाटल्या एकीत ओततो. सुटसुटीत होईल."

शशी काउंटरची फळी उचलून बाहेर आला. तो गिऱ्हाईक सोडून बाहेर येतो म्हणजे प्रकरण गंभीर. "ओत की. वर लिही, गंगाजल."

विनयला विनोद कळला नाही. पण दामले काकांना विषय मिळाला. काका बँकेतून रिटायर झाले, नियम हा त्यांचा जिव्हाळ्याचा प्रांत. "मुळात हातातल्या बॅगेत न्यायचंच कशाला? शंभर मिलीच्या वर पातळ पदार्थ चालत नाही. मोठ्या बॅगेत टाक, चेक-इन कर, मोकळा हो."

"आणि बॅग नाही पोचली तर?" हा बंड्या. त्याने आयुष्यभर विमानात सामान चढवण्या-उतरवण्याची कामं केली, शेवटी सुपरवायझर होऊन बाहेर पडला. सामानाच्या बाबतीत त्याचा कुणावरही विश्वास नाही. "काका, मधे विमान बदलायचंय ह्याला. दीड तासात माणूस धावत-पळत पुढचं विमान गाठतो. बॅगेला पाय नसतात."

"दुसऱ्या दिवशी येते."

"कपडे दुसऱ्या दिवशी आले तर चालतात. फिटचं औषध दुसऱ्या दिवशी?"

ह्यावर शशीने मान हलवली. हे औषध अचानक बंद झालं तर फिट परत येऊ शकते, म्हणून ते अंगाजवळच हवं, असं त्याचं म्हणणं. मग त्याने विनयला विचारलं, डोस किती? सकाळी तीन मिली, रात्री तीन. रोजचे सहा. एकवीस दिवसांचे एकशे सव्वीस. "म्हणजे दोन बाटल्या लागणारच. वर थोडं उरेल, सांडलं-लवंडलं तर. आणि बाटली कितीची आहे? शंभराची. मग तू नियमात बसतोस, ओतायला कशाला निघालास?"

"एकूण दोनशे झाले ना!" काका.

"नियम एकेका बाटलीचा आहे काका. शंभर मिलीपर्यंतच्या बाटल्या, सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. ह्या दोन आणि ही साठची पॅरासिटामॉल, आरामात मावतील. तू दोन्ही ओतून दोनशेची एक केलीस की नियमाबाहेर गेलास. वर लेबल नाही, औषधाचं नाव नाही, तारीख नाही. मशीनवर बसलेल्या माणसाला काय दिसणार? बिननावाचं पाणचट काहीतरी."

"म्हणजे दोनशेच्या बाटलीत तळाला चार चमचे उरलेत, ती अडवणार. आणि शंभराच्या पाच भरून नेल्या तर जा म्हणणार. ह्याला नियम म्हणतात?"

इथे मला काकांचं पटलं, आणि ते मी बोलून दाखवलं. बाटली केवढी ते बघायचं, आत किती आहे ते नाही. पण बंड्या म्हणाला, रांगेत मागे दोनशे माणसं उभी असताना कुणी माप घेऊन बसायचं? बाटलीवर छापलेला आकडा वाचायला दोन सेकंद लागतात.

मग त्याने ते २००६ चं सांगितलं. ऑगस्ट महिना. लंडनहून अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत कोल्ड्रिंकच्या बाटल्यांमधून पातळ स्फोटक नेण्याचा कट पकडला गेला. हायड्रोजन पेरॉक्साइडचा प्रकार. साध्या एक्स-रे मशीनला पाण्याची बाटली आणि ही बाटली जवळपास सारखीच दिसते, म्हणून एका दिवसात सगळंच बंद. नंतर हळूहळू शंभर मिलीवर गाडी येऊन थांबली. "आणि त्या पहिल्या दिवसांत," बंड्या म्हणाला, "लंडनला बाळाचं दूधसुद्धा आईबापाला स्वतः चाखून दाखवावं लागत होतं."

"काहीतरीच!" काका.

विमान गेलं. आम्ही थांबलो.

"काहीतरीच नाही काका, मी प्यायलेय." हे शीतल वहिनी. त्या भाजी घेऊन घरी चालल्या होत्या, मेथीच्या जुडीसकट थांबल्या. पायरीवर बसल्या नाहीत, पण पिशवी खाली ठेवली. म्हणजे पाचेक मिनिटं नक्की.

त्यांची मुलगी तेव्हा दोन वर्षांची. परदेशातला कुठलासा मधला विमानतळ, पहाटेचे तीन, मुलगी तापाने फणफणलेली, खांद्यावर. पर्समध्ये तापाच्या औषधाची बाटली. बाईने बाटली उचलली, उजेडात धरली, वहिनींकडे बघितलं आणि खुणेनेच सांगितलं, प्या.

"प्यायलात?"

"काय करणार? चमचा शोधायला वेळ नव्हता, टोपणात ओतलं. ते गुलाबी टोपण असतं ना, आत रेघा असलेलं. तेच मी मुलीच्या तोंडाला लावायचे. आता ते माझं उष्टं झालं. धुवायला पाणी नाही, कारण पाण्याची बाटली आधीच काढून घेतलेली. मागे रांग. एक माणूस फोनवरून मान वर काढून बघत होता, ही काय पितेय म्हणून."

काका हसले. वहिनी नाही हसल्या. "हसू नका. मला राग पिण्याचा आला नाही. बाटली उघडून मला माझ्याच मुलीवर शपथ घ्यायला लावल्यासारखं वाटलं. आणि शपथ घेऊनही ती बाई हसली नाही, जा असंही म्हणाली नाही. पुढचा ट्रे ओढला."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. विमान नसतानाही.

मग विनय म्हणाला, "मला फिटचं औषध चाखायला सांगितलं तर?"

"थेंबभर जिभेला लागलं म्हणून तुला काही होणार नाही," शशी म्हणाला. "पण मोजूनमापून आणलेलं औषध आहे, त्यात तोंड घालू नकोस. सांग, मशीनवर तपासा. कापडाची पट्टी बाटलीवर फिरवून मशीनमध्ये घालतात, बऱ्याच ठिकाणी बाटली न उघडता तपासायचं यंत्रही असतं."

"आणि नाही ऐकलं तर?" काका.

"ऐकतात. आधी बोललास तर ऐकतात." बंड्या उठून उभा राहिला. मुद्दा लागला की तो उभा राहतो. "इतकी वर्षं बघतोय मी. औषध बॅगेच्या तळाशी मोज्यात गुंडाळून ठेवायचं, मशीनने पकडलं की 'अहो बाळाचं आहे हो' म्हणून गयावया करायची. मग तो दुप्पट बघणार. त्याच्या जागी मी असतो तरी बघितलं असतं. त्यापेक्षा ट्रे घेतल्या घेतल्या औषधाची पिशवी वेगळी काढ, वर चिठ्ठी ठेव आणि त्याने विचारायच्या आधी सांग, मुलाचं औषध आहे. हिंदीत सांग, मराठीत सांग, पण सांग."

काकांना हे पटलं नाही. "म्हणजे चूक आईबापाची?"

"चूक कुणाचीच नाही काका."

"वा! मग आपण भांडतोय कशावर?"

माझं मत असं, की संशय घेणं त्या माणसाचं कामच आहे. १९९९ च्या कंदाहार विमान-अपहरणानंतर सीआयएसएफच्या जवानांना विमानतळांवर आणलं गेलं ते हसतमुख सेवेसाठी नाही. पण 'प्या' हे खुणेने सांगायचं की तोंडाने, एवढं तर माणसाच्या हातात असतं. वहिनींना मी हे म्हटलं तर त्या म्हणाल्या, "तुम्ही लिहिणारी माणसं, तुम्हाला तोंडाचं फार." आणि मेथी उचलून निघाल्या. जाताना विनयला सांगून गेल्या, बाटली झिपवाल्या पिशवीतच ठेव, वर गेल्यावर गळते. त्यांची पर्स त्या रात्री आतून चिकट झाली होती, आणि लंडनच्या हॉटेलात सकाळी मुंग्या नसल्याचं त्यांना आश्चर्य वाटलं होतं.

"वर हवेचा दाब कमी होतो ना," बंड्या म्हणाला. "विमानाच्या आत सहा-आठ हजार फुटांवर असल्यासारखं असतं. अर्ध्या बाटलीतली हवा फुगते, झाकण सैल असलं की औषध ढकलून बाहेर. भरलेली बाटली कमी गळते." शशीने लगेच एका बाटलीचं झाकण पिळून बघितलं.

पिशवीत आणखी एक डबा होता, अँटिबायोटिकच्या पावडरचा. डॉक्टरांनी 'असू द्या जवळ' म्हणून दिलेला. विनय म्हणाला, हे तेवढं तयार करून दे. शशी नाही म्हणाला. पाणी घातलं की सात दिवसांत संपवायचं, तेही फ्रिजमध्ये ठेवून. "तू शनिवारी उडणार, मुलगा धडधाकट. कोरडं आहे तोवर कोरडंच राहू दे. लागलं तर तिथे उकळून गार केलेलं पाणी घाल, लेबलवर हा बाण आहे ना, इथपर्यंत. हलव, खाली बसलं की परत बाणापर्यंत." मग जरा आवाज उतरवून, "आणि लागलं तर आधी डॉक्टरांना फोन कर. तापाला लगेच हे काढायचं नाही."

काका एव्हाना जुन्या मुद्द्यावर परतले होते. "गेल्या महिन्यात नागपूरला गेलो. हातात अख्खी पाण्याची बाटली. कुणी विचारलं नाही."

"ते देशातल्या देशात. हा नियम बाहेर जाणाऱ्यांना."

"म्हणजे नागपूरच्या विमानाचा जीव स्वस्त?"

ह्याला उत्तर कुणाकडे नव्हतं. चहा आला.

शशी मात्र चहा घेत नव्हता, विनयची फाइल चाळत होता. "औषध शंभरच्या वर असलं तरी नेता येतं, मुलाला लागतं असं डॉक्टरांचं लेखी असलं की. इंग्लंडमध्येही काही विमानतळांवर शंभरच्या वरच्या औषधाला अजून हेच मागतात. येताना तिथून मोठी बाटली घ्यावी लागली तर हाच कागद कामाला येईल. कुठाय चिठ्ठी?"

विनयने काढून दिली. चौघं वाकलो. वर क्लिनिकचं नाव, खाली डॉक्टरांच्या अक्षरात ब्रँडचं नाव, जे शशीलाही अंदाजाने वाचावं लागलं. आणि रुग्णाच्या रकान्यात ठळक, स्वच्छ अक्षरात: चि. मनू, वय ३.

"मनू कोण?"

"आपला अद्वैत."

"पासपोर्टवर मनू आहे?"

विनय गप्प. पहिल्यांदा फिट आली तेव्हा आजी घेऊन धावली होती. रिसेप्शनवर नाव विचारलं, तिने घाबरून जे तोंडाला आलं ते सांगितलं. तेव्हापासून क्लिनिकच्या फाइलमध्ये तो मनूच आहे.

"ह्याचं बिलही मी मनूच्या नावाने फाडलंय," शशी म्हणाला. "बिल मी आत्ता बदलून देतो. चिठ्ठी मला नाही बदलता येणार. आणि नवीन घेशील तेव्हा औषधाचं मूळ नाव लिहून घे, लेव्हेटिरासिटॅम, मोठ्या अक्षरात, छापील. हा ब्रँड तिथल्या दुकानात कुणी ओळखणार नाही. आणि लंडनचं घड्याळ आत्ता साडेचार तास मागे आहे, पहिल्या दिवशी डोस कुठल्या वेळेला द्यायचा तेही त्यांनाच विचार. हे मी नाही सांगणार."

"क्लिनिक किती वाजता बंद होतं?"

"नऊला."

पावणेनऊ वाजले होते. बंड्याने चहाचा ग्लास पायरीवर ठेवला आणि स्कूटरला किक मारली. विनय मागे बसला, फाइल मांडीखाली दाबली. दामले काका उभे राहून ओरडले, "आणि विचार त्यांना, दोनशेच्या बाटलीत चार चमचे उरले तर..." तेवढ्यात विमान आलं.

आवाज विरला तेव्हा स्कूटर कोपऱ्यापर्यंत गेली होती आणि विनय फोनवर बायकोला विचारत होता, "अगं, पासपोर्टवर अद्वैत व्हीने आहे की डब्ल्यूने?"