माणगावचा पुतळा आणि दोस्त राष्ट्रांमधली ओढाताण

मुंबई-गोवा हायवेवरून माणगावमार्गे आपण कितीदा जातो, पण तिथे तहसील कचेरीसमोर यशवंत घाडगेंचा पुतळा आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्री, वय २२, आपल्या रायगडातल्या पळसगावचे. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडले आणि हा माणूस एकटा त्या मशीनगनवर धावून गेला, आधी हातबॉम्ब फेकला, मग टॉमीगनने एकाला पाडलं, मॅगझीन बदलायला वेळच नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिनेच मारलं, आणि मग स्नायपरच्या गोळ्या लागून तिथेच गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्यासाठीचं सर्वोच्च पदक.

हे शौर्य आपण सांगतो, सांगायलाच पाहिजे. पण मला कायम पडणारा प्रश्न वेगळा आहे. घाडगे त्या डोंगरावर होते कशासाठी? जर्मनीला हरवायला इटलीतून जायचं हे ठरवलं कोणी?

सरळ उत्तर असं की इटली हा दोन दोस्तांच्या भांडणातून निघालेला मधला मार्ग होता. अमेरिकेचे लष्करप्रमुख जनरल मार्शल पहिल्यापासून म्हणत होते की इंग्लिश खाडी ओलांडा, फ्रान्समध्ये उतरा आणि थेट जर्मनीवर चाला. ब्रिटिशांना ते इतक्या लवकर नको होतं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात त्यांची एक अख्खी पिढी गेली होती, शिवाय भूमध्य समुद्र म्हणजे सुएझ, आणि सुएझ म्हणजे हिंदुस्थानकडे यायचा रस्ता. मग १९४२ च्या नोव्हेंबरात उत्तर आफ्रिका, १९४३ च्या जुलैत सिसिली, सप्टेंबरात इटली. तिकडे रशियाचा स्टालिन पश्चिमेकडून दुसरी आघाडी उघडा म्हणून ओरडत होता, त्याची माणसं लाखांनी मरत होती, त्याचं म्हणणं चूक नव्हतं. शेवटी तेहरानला, नोव्हेंबर १९४३ मध्ये, रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन या तिघांनी बसून नक्की केलं की १९४४ ला उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीत आणि जोडीला दक्षिण फ्रान्समध्येही उतरायचं.

पण दक्षिण फ्रान्ससाठी सैन्य आणायचं कुठून, तर इटलीतून. इथे चर्चिल अक्षरशः इरेला पेटले. त्यांना इटलीतून वर सरकून व्हिएन्नाकडे जायचं होतं, रशियन तिथे पोचायच्या आधी. रूझवेल्टनी मात्र जूनच्या शेवटी कळवलं की तेहरानला ठरलंय ते ठरलंय, आणि हेही मोकळेपणाने लिहिलं की नॉर्मंडीत जरासंही मागे हटावं लागलं आणि लोकांना कळलं की मोठं सैन्य बाल्कनकडे, म्हणजे आग्नेय युरोपकडे, वळवलं होतं, तर मी राजकीयदृष्ट्या टिकणार नाही. नोव्हेंबरात त्यांची निवडणूक होती. २ जुलैला हुकूम निघाला, १५ ऑगस्टला दक्षिण फ्रान्स. इटलीतून एकूण सात डिव्हिजन, म्हणजे हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्या, काढल्या, तीन अमेरिकन आणि चार फ्रेंच. फ्रेंचांना तर आपलाच देश सोडवायला जायचं होतं, त्यांना कोण नाही म्हणणार.

हुकूम निघाल्यानंतर बरोबर आठ दिवसांनी घाडगे गेले.

माझं स्पष्ट मत आहे की या वादात अमेरिकन बरोबर होते. दक्षिण फ्रान्समधलं मार्सेय बंदर मिळालं म्हणून फ्रान्समधल्या फौजांना रसद पुरली, आणि व्हिएन्नाचं म्हणाल तर त्या डोंगरांतून, पावसाळी शरद ऋतूत, जादा सात डिव्हिजन असत्या तरी कोणी तिथे पोचलं असतं असं मला अजिबात वाटत नाही. आणि चर्चिल भांडले, हरले, पण हरल्यावर मोडता घातला नाही, उतरायच्या दिवशी स्वतः जहाजावरून बघायला गेले. युती टिकते ती अशी. स्वतःच्या देशाचं हित बघणं हे पाप नाहीये, प्रत्येकाने ते टेबलावर मांडलं, भांडण झालं, आणि निर्णय झाल्यावर पाळला.

माझं दुखणं पुढचं आहे. इटलीत सुमारे ५० हजार भारतीय सैनिक लढले, ५,७८२ तिथेच गेले, आणि त्या टेबलावर भारताची खुर्चीच नव्हती. ऑस्ट्रेलियाचं बघा. फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांची डिव्हिजन मध्यपूर्वेतून घरी येत होती, चर्चिलनी न विचारता जहाजं बर्माकडे वळवली, तर पंतप्रधान कर्टिननी ठाम नकार दिला आणि जहाजं परत फिरवायला लावली. कॅनडाने १९३९ ला स्वतःच्या संसदेत ठरवून आठवड्याने युद्ध पुकारलं. आणि आपल्याकडे? ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोंनी कोणालाही न विचारता भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं, त्यावरून प्रांतांमधली काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली, मुंबईचं बाळासाहेब खेरांचंही. म्हणजे रणनीतीत आपला वाटा होता तो फक्त माणसांचा. आपलं हित काय हे बोलणारा तिथे कोणी नव्हताच, आणि जो बोलत नाही त्याचं हित कुणीच धरत नाही.

बंगालचा दुष्काळ आठवा. १९४३ पासून माणसं मरत होती, अंदाज २० लाखांपासून ३० लाखांच्या पुढे जातात, आणि लंडनचं मंत्रिमंडळ धान्यासाठी जहाजं द्यायला वर्षभर काचकूच करत राहिलं. एप्रिल १९४४ च्या अखेरीला चर्चिलनी रूझवेल्टना पत्र लिहिलं की ऑस्ट्रेलियातून भारतात गहू न्यायला जहाजं द्या. जूनमध्ये उत्तर आलं की लष्करी मोहिमांमुळे जहाजं मोकळी करता येत नाहीत.

त्याच्या पुढच्याच महिन्यात घाडगे त्या मशीनगनवर धावून गेले. त्यांचा देह कधी सापडला नाही, नाव तेवढं इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर आहे.