हायपोस्पेडियास: ‘टिप केलं की एकाच ऑपरेशनात काम’ हे सरसकट खरं नाही

हायपोस्पेडियास म्हणजे मुलाच्या लघवीचं छिद्र जन्मतःच शिश्नाच्या टोकाऐवजी खालच्या बाजूला असणं; अनेकदा शिश्न खाली वाकलेलंही असतं. टिप हे त्यावरचं एक ऑपरेशन. त्याबद्दल पालकांमध्ये एक मजकूर फिरतोय: ‘टिप हीच आता एकमेव पद्धत. कुठल्याही मुलाचं एका ऑपरेशनात भागतं, दोन टप्पे सांगणारे डॉक्टर जुन्या वळणाचे. आधी सुंता झाली असली तरी बिघडत नाही.’ हे वाचून पालक चुकीचा हट्ट धरतात, म्हणून हे उत्तर.

एकमेव पद्धत? टिपचं वर्णन १९९४ मध्ये सर्जन स्नॉडग्रास यांनी केलं. मूत्रमार्गाच्या पट्टीला (छिद्रापासून टोकापर्यंतचा, नळी न बनलेला भाग) मधोमध उभा छेद देऊन ती रुंद करायची आणि बारीक कॅथेटरवर तिची नळी शिवायची. छिद्र टोकाजवळ असेल, पट्टी मऊ असेल, शिश्न जवळपास सरळ असेल, तर ही उत्तम निवड. अशा काही मुलांत छिद्राखालची कातडी उलटवून वापरणारी मॅथ्यू पद्धतही चालते.

कोणत्याही मुलाचं? खरा निर्णय टेबलावर होतो. कातडी मुळापर्यंत सोडवून, बुडाशी रबरी पट्टा बांधून सलाइन भरतात आणि वाक मोजतात. थोडा वाक वरच्या बाजूला टाके घेऊन सरळ होतो. पण कातडी सोडवल्यावरही ३० अंशांहून जास्त वाक उरला, तर बहुधा पट्टीच आडवी कापावी लागते. पट्टी कापली की टिपला आधारच राहत नाही. वाक तसाच ठेवून नळी शिवली, तर वयात येताना तो त्रास देतो.

दोन टप्पे जुनाट? पहिल्यात शिश्न सरळ करून अग्रत्वचेच्या (शिश्नाच्या टोकावरच्या कातडीच्या) आतल्या थराचा किंवा गालाच्या आतल्या अस्तराचा ग्राफ्ट, म्हणजे कलम, पसरतात. निदान सहा महिन्यांनी, तो रुजून मऊ झाल्यावर, त्याची नळी करतात. घाई केली तर आकसलेल्या ग्राफ्टवर टाके पडतात.

सुंता मात्र आधी अजिबात नको. ग्राफ्टला आणि नळीवरच्या झाकणाच्या थराला सुंतेत काढली जाणारी तीच अग्रत्वचा लागते. हा थर नसेल तर टाक्यांच्या रेषा एकमेकींवर येतात आणि फिस्टुला, म्हणजे लघवी झिरपणारं नको असलेलं भोक, होण्याचा धोका वाढतो. टिपमध्ये नळी अगदी टोकापर्यंत शिवली तर छिद्र अरुंद होतं, मागे दाब वाढतो आणि त्यामुळेही टाक्यांमधून लघवी झिरपू लागते. धार बारीक झाली, जोर करावा लागतोय असं दिसलं, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता सर्जनना दाखवा.

ऑपरेशनआधी त्यांना एवढं विचारा: वाक जास्त निघाला तर काय कराल, आणि झाकणाला कुठला थर घ्याल?