‘गाडी घ्यायची की कागद?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

रिस्टोअर केलेली (म्हणजे दुरुस्त करून मूळ रूपात आणलेली) जुनी मसल कार, साठ-सत्तरच्या दशकातली मोठ्या इंजिनाची अमेरिकन गाडी, घेण्याआधी तिची किंमत कशी जोखावी, या माझ्या लेखावर एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली. थोडक्यात ती अशी: लेख वाचून वाटतं की गाडी नाही, कागद विकत घ्यायचेत. चालवून बघण्यावर दोनच ओळी आहेत. हल्ली रेस्टोमॉडला (जुन्या गाडीत आधुनिक भाग बसवलेल्या गाडीला) मूळ गाडीपेक्षा जास्त भाव मिळतो. पैसे देऊन तपासनीस बोलावला की काम झालं. वाचक म्हणतात, मी स्वतः गेल्या वर्षी १९७० ची शेव्हेल एसएस (शेव्हरलेच्या शेव्हेलचा जोरदार अवतार) घेतली, एकही कागद नव्हता, गाडी झकास आहे. आणि शेवटी: ‘दादा, आपली माणसं टोयोटा घेतात. हे मराठीत लिहून कुणाला शहाणं करताय?’

आधी या शेवटच्या वाक्याबद्दल. आपली ओळख नाही. आपण नावही दिलेलं नाही. तरी थेट ‘दादा’ आणि ‘शहाणं करताय’? मतभेद असू द्या, पण कुणी रात्री जागून लिहिलेल्या मजकुरावर असं तुच्छतेनं बोलायची गरज नव्हती. आणि माहितीसाठी सांगतो, डेट्रॉइटच्या आसपास फोर्ड, जीएम आणि क्रायसलरमध्ये आयुष्य घालवलेली मराठी माणसं भरपूर आहेत. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला, जुन्या गाड्यांच्या इथल्या मेळाव्याला, या, रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसलेली दिसतील. त्यातल्या काहींच्या मुलांना आता पाँटियाकची जीटीओ किंवा फोर्डची मस्टँग घ्यायची असते. ते आई-बाबांना विचारतात आणि आई-बाबा मला. मी लिहितो ते त्यांच्यासाठी.

चालवून बघण्याचा भाग त्रोटक झाला, हे मान्य. क्लच घसरतो का, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, गरम झाल्यावर ऑइल प्रेशर किती उरतं, हे तिथे यायला हवं होतं. पुढच्या लेखात घेईन.

पण ‘कागद विकत घ्यायचेत’ हे वाक्य मला झोंबलं, कारण त्यामागे विषयाची समजच नाही. तुमच्याच गाडीचं उदाहरण घेऊ.

१९६६ ते ६८ मधल्या एसएस ३९६ चा (३९६ म्हणजे इंजिनाचा आकार, घनइंचांत) व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, १३८ ने सुरू होतो, म्हणजे गाडी काय आहे ते नंबरच सांगतो. १९६९ पासून एसएस हा वेगळा मॉडेल राहिला नाही, तो ऑप्शनचा संच झाला. १९७० ची एसएस ४५४ म्हणजे झेड१५ हा ऑप्शन घेतलेली मालिबू (शेव्हेलचंच एक मॉडेल). दोघींच्या नंबरची सुरुवात एकच, १३६. काउलवरच्या (पुढच्या काचेखालच्या पत्र्यावरच्या) टॅगवरही सहसा एसएसचा उल्लेख नसतो. मग तुमची शेव्हेल कारखान्यातून एसएस म्हणून निघाली, हे ठरवायचं कशावरून? बिल्ले बाजारात मिळतात. हुडवरचे पट्टे मिळतात. गोल मीटरचा डॅशबोर्ड, बारा बोल्टचा मागचा अॅक्सल, डिस्क ब्रेक, सगळं मिळतं. साधी मालिबू घेऊन दोन हिवाळ्यांत एसएस उभी करणारे इथे आहेत आणि त्यांचं काम सुंदर असतं. ती गाडी तशी सांगून विकली तर माझी काहीच हरकत नाही. पण तिला खऱ्या एसएसचा भाव द्यायचा? आणि ४५० हॉर्सपॉवरची एलएस६ (४५४ इंजिनाची सगळ्यात ताकदवान आवृत्ती) असेल तर फरक कित्येक पटींचा होतो.

इथे कागद लागतो. पाँटियाक असेल तर पीएचएसकडून (पाँटियाकच्या जुन्या नोंदी पुरवणाऱ्या संस्थेकडून) मूळ बिलाची नक्कल मिळते. १९६४-६५ च्या जीटीओला तर तिच्याशिवाय चालतच नाही, कारण तेव्हा जीटीओ हा टेम्पेस्ट ल मान्सवरचा ऑप्शन होता आणि नंबरवरून कळत नाही. १९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट आहे, म्हणजे फोर्डच्या मूळ नोंदींवरून काढलेला अहवाल. मोपारच्या (क्रायसलरच्या गाड्यांच्या) व्हीआयएनमधलं पाचवं अक्षरच इंजिन सांगतं, १९७०-७१ च्या गाडीत ‘आर’ असेल तर ४२६ हेमी, त्यांचं गाजलेलं मोठं इंजिन. शेव्हरलेला यातलं काहीच नाही. अमेरिकेत विकलेल्या त्या काळच्या गाड्यांच्या अशा नोंदी कंपनीकडून मिळत नाहीत. उरतात फक्त बिल्ड शीट (कारखान्यात गाडी जोडताना वापरलेला ऑप्शनच्या यादीचा कागद) आणि प्रोटेक्ट-ओ-प्लेट (वॉरंटीसोबत मिळणारी धातूची पट्टी). बिल्ड शीट बऱ्याचदा पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकलेली सापडते. सातबारा न बघता गावाकडची जमीन घ्याल का तुम्ही? तिथे कुणी म्हणत नाही की जमीन घ्यायची की कागद.

आणि मी फक्त कागदावर थांबलो होतो, हे तर साफ खोटं आहे. अर्धा लेख पत्र्यावर आहे. तो तुम्ही वाचला असता तर हे लिहिलं नसतं. कोल्हापुरात उद्यमनगरला माझ्या मामांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. शाळेच्या सुट्ट्या मी तिथे पॉलिश पेपर घासण्यात घालवल्या. पुट्टी कुठे किती भरली आहे, हे मामा बोटाच्या टिचकीच्या आवाजावरून सांगत. इथे मिशिगनमध्ये पोटापाण्यासाठी मी प्रेस शॉपच्या डाय बनवण्याचं काम केलं, म्हणजे पत्राच. तेव्हा मला ‘कागदी पंडित’ समजू नका. नवा रंग सगळ्यात आधी काय झाकतो ते मला माहीत आहे. कारखान्यातला रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनचा असतो. पुन्हा रंगवलेल्या गाडीवर दोनशे-तीनशे दिसले तर समजू शकतो. पण मागच्या चाकाच्या कमानीवर गेज (रंगाची जाडी मोजणारं यंत्र) हजाराच्या वर गेलं, तर खाली पत्रा नाही, पुट्टी आहे. शेव्हेलला व्हिनाइलचं छत असेल तर मागच्या काचेचे खालचे कोपरे आणि डिकीचा तळ बघायचाच. इथल्या रस्त्यांवरच्या मिठानं तिथूनच गाड्या खाल्ल्या.

विक्रेता बिलांची फाइल पुढे करतो, क्रोमचे इतके, सीटचे इतके, मजुरी इतकी, म्हणून एवढी किंमत. त्या बेरजेला बाजारात फारसा अर्थ नाही, हेही मी लिहिलं होतं. रिस्टोरेशनचा खर्च बहुतेक वेळा गाडीच्या भावापेक्षा जास्त होतो आणि तो नुकसानीचा भाग विकणाऱ्यानंच सोसायचा असतो.

रेस्टोमॉडचा विषय वेगळा आहे, तो या लेखात नव्हताच. तपासनीस बोलवा, जरूर बोलवा. पण काय तपासायचं हे तुम्हाला माहीत नसेल तर तो रंगाची चमक आणि टायरचं वय लिहून देईल आणि पैसे घेऊन जाईल.

आता तुमच्या गाडीचं. इंजिनाच्या पुढच्या बाजूला, पॅसेंजरच्या बाजूच्या हेडसमोर एक सपाट पट्टी आहे. ती वायर ब्रशनं घासू नका, कापडाला थिनर लावून पुसा. तिच्यावर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेषा दिसल्या पाहिजेत, ब्रोचिंगच्या, म्हणजे कारखान्यात तो पृष्ठभाग तासताना उमटलेल्या. पृष्ठभाग गुळगुळीत असेल आणि आकडे मात्र ताजे, तर ब्लॉक डेकिंग करून (वरचा पृष्ठभाग पुन्हा तासून) नंबर नव्यानं ठोकलेला असू शकतो. तिथल्या व्हीआयएनच्या शेवटच्या आकड्यांची तुलना डॅशबोर्डवरच्या नंबरशी करा, मग गिअरबॉक्सवरच्या नंबरशी. ब्लॉकवरची ओतकामाची तारीख गाडी बनल्याच्या तारखेच्या आधीची हवी. नंतरची असेल तर ते इंजिन त्या गाडीचं नाही, मग गाडी कितीही झकास पळो. मागचं सीट उचलून स्प्रिंगांमध्येही हात घालून बघा. काही सापडलं तर फोटो पाठवा, मी बघून स्पष्ट सांगेन. फक्त सोबत नाव लिहा.