ठिकाण लपवा, पण लिहून ठेवा

धबधब्याचा किंवा देवराईचा फोटो टाकताना जागेचं नाव सांगू नका, असं आपल्याकडे आता बरेच निसर्गप्रेमी बजावतात. त्यांची काळजी रास्त आहे. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात ऑनलाइन बुकिंग आणि माणसांची रोजची मर्यादा आणावी लागली, ती उगाच नाही. पण इथे स्वीडनच्या उत्तर टोकाला, आबिस्कोच्या हिवाळ्यात, या वादाची दुसरी बाजू ठळक दिसते. जागा, तारीख आणि दिशा यांची नोंद नसेल तर फोटो कितीही देखणा असो, पन्नास वर्षांनी तो कशाशी ताडून पाहणार?

इथल्या केब्नेकाइसे पर्वताचं दक्षिण शिखर हिमनदीने झाकलेलं आहे. ते वितळत गेलं आणि 2019 मध्ये उत्तरेकडचं खडकाळ शिखर देशातलं सर्वोच्च ठरलं. हा फरक कळला तो उन्हाळ्याच्या शेवटी केलेल्या मोजणीतून. हिवाळ्यात ताजा बर्फ हिमनदीची कड पार झाकून टाकतो, म्हणून हिमनदी आटल्याचा पुरावा हवा असेल तर फोटो ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्येच काढावा. हिवाळी फोटो सांगतो ते वेगळं: तलाव कधी गोठला, बर्फ किती साचला, बर्चची झाडं डोंगरावर किती उंच चढली.

जुना फोटो ताडून पाहायचा तर तो जिथून काढला त्याच जागी उभं राहायला हवं. ती जागा शोधायला जीपीएस पुरत नाही, त्यात काही मीटरची चूक राहतेच. जवळचा कडा आणि त्यामागची दूरची खिंड यांचा मेळ बघायचा. कडा जुन्या फोटोतल्यापेक्षा डावीकडे दिसत असेल तर आपणही डावीकडे सरकायचं. मग तो मागच्या खिंडीच्या मानाने उजवीकडे येतो. खूण म्हणून झाड धरू नये, ते वाढतं. हिवाळ्यात आणखी एक फसगत होते. पायाखाली मीटरभर बर्फ असतो, म्हणजे कॅमेरा उन्हाळ्यापेक्षा तेवढाच वर जातो आणि जवळच्या वस्तूंचा मेळ चुकतो. सळई खुपसून बर्फाची खोली मोजा, तिच्यात ट्रायपॉडची उंची मिळवा आणि तो आकडा लिहून ठेवा. ही नोंद जवळजवळ सगळेच विसरतात.

कॅमेऱ्यातला प्रकाशमापक बर्फाला करडा करतो, त्यामुळे एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त एक्स्पोजर द्या आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजवीकडे कापला जात नाही ना, हे बघा. डिसेंबरमध्ये बहुतेक दिवस सूर्य क्षितिजावर येतच नाही, दुपारी काही तास निळा उजेड असतो तेवढाच. रंग आपोआप जुळवणारा ऑटो व्हाइट बॅलन्स हा निळेपणा पुसायला बघतो आणि प्रत्येक फोटोत वेगळा पुसतो. म्हणून तो एकाच आकड्यावर बांधून ठेवा आणि रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, घ्या.

उणे पंचवीस अंशांत बॅटरी बघता बघता मान टाकते. दोन जादा बॅटऱ्या अंगाला लागून, आतल्या खिशात ठेवा. गार पडलेली बॅटरी ऊब मिळाल्यावर पुन्हा थोडी चालते. लेन्सवरचा बर्फाचा भुगा तोंडाने फुंकू नका. श्वासातली वाफ काचेवर लगेच गोठते आणि पुसायला गेलं की चरे पडतात. कॅमेऱ्याला मोठा धोका मात्र असतो तो घरात शिरताना. दारात पोचण्याआधीच, बाहेर थंडीत, मेमरी कार्ड काढून घ्या, कॅमेरा हवाबंद पिशवीत घाला आणि दोन-तीन तास पिशवी उघडू नका. मग दव पिशवीवर धरतं, सेन्सरवर नाही.

राहिला प्रश्न ठिकाणाचा. मूळ फाइलमध्ये अक्षांश-रेखांश, होकायंत्राची दिशा, लेन्सची फोकल लेन्थ, कॅमेऱ्याची उंची आणि वेळ हे सगळं असू द्या. तिच्या तीन प्रती करा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी किंवा एखाद्या संग्रहालयात ठेवा. लोकांसमोर टाकायची प्रत वेगळी काढा, तिच्यातला जीपीएस पुसा आणि खाली फक्त तालुक्याचं नाव लिहा. देवराईचा फोटो असो की आबिस्कोच्या तलावाचा, रीत हीच. फाइलमधून जीपीएस पुसताना चुकून मूळ प्रतच उघडलेली नाही ना, एवढं आधी तपासा. एकदा पुसलेला आकडा परत आणता येत नाही.