२५ रुपयांच्या दंडापुढचं पान

दोन आठवड्यांत एकच मेसेज चार ग्रुपांवर आला. शाळेच्या, भावकीच्या, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या आणि सोसायटीच्या. थोडक्यात असा: ‘चंद्रकांत काकोडकर ऊर्फ बाबूराव अर्णाळकर यांनी हजारावर अश्लील पुस्तकं लिहिली. “श्यामा”बद्दल सुप्रीम कोर्टाने त्यांना शिक्षा केली, पुस्तक नष्ट करायला लावलं. असलं वाचूनच गिरणगावची एक पिढी वाया गेली.’ खाली हात जोडलेले.

आमच्या अण्णांचं सोलापूरच्या साखर पेठेत भाड्याने पुस्तकं द्यायचं दुकान होतं. त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर शेजारच्या काकांनी ‘तुम्ही बोला की यावर’ म्हणून मलाच टोचलं. बोलतो.

नावापासून सुरुवात करू, कारण इथेच मेसेज घसरलाय. काकोडकर आणि अर्णाळकर ही दोन माणसं. गोंधळ का झाला तेही कळतं: बाबूराव अर्णाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. म्हणजे दोन्हीकडे चंद्रकांत. पण झुंझार, काळा पहाड, धनंजय ही अर्णाळकरांच्या रहस्यकथांतली मंडळी. तिथे पिस्तूल, बुरखा, अंधारातली मोटार. प्रेमात पडलेली, फसलेली, पस्तावलेली माणसं काकोडकरांची. हजाराचा आकडाही अर्णाळकरांचा. १९३६ ते १९८४ या काळात पुस्तकरूपाने आलेल्या त्यांच्या १,०९२ रहस्यकथांची नोंद गिनीज बुकात झाली होती. तो काकोडकरांच्या गळ्यात बांधायचं कारण नाही. आणि अर्णाळकरांना अश्लील म्हणणाऱ्याने त्यांचं एकही पुस्तक उघडलेलं नाही एवढं नक्की. अण्णा ती पुस्तकं आठवीच्या पोरांनाही बिनधास्त द्यायचे.

आता शिक्षा. ही गोष्ट निव्वळ खोटी नाही, अर्धी आहे. अर्धी गोष्ट खोडायला जास्त वेळ लागतो, म्हणून जरा सविस्तर.

‘श्यामा’ ही काकोडकरांची कथा छापून आली ती ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात. पुण्यातल्या एका गृहस्थांनी ती अश्लील आहे म्हणून लेखकावर, मुद्रक-प्रकाशकावर आणि अंक विकणाऱ्यावर भारतीय दंड विधानाच्या कलम २९२ खाली फिर्याद केली. मॅजिस्ट्रेटने सगळ्यांना निर्दोष सोडलं. अपील मुंबई हायकोर्टात गेलं आणि तिथे निकाल फिरला: लेखक आणि मुद्रक-प्रकाशक दोषी, प्रत्येकी २५ रुपये दंड, न भरल्यास आठवड्याची साधी कैद, आणि या दोघांच्या ताब्यातल्या अंकाच्या प्रती नष्ट करा. मेसेज लिहिणारा इथवर वाचून उठला.

पुढचं पान असं. काकोडकर सुप्रीम कोर्टात गेले. २५ ऑगस्ट १९६९ रोजी न्या. जगन्मोहन रेड्डी यांनी निकाल दिला आणि दोषी ठरवणारा हायकोर्टाचा निर्णय रद्द झाला. भरला असेल तर दंडही परत करायचा होता. म्हणजे ज्या कोर्टाने शिक्षा केली असं मेसेज सांगतो, त्याच कोर्टाने ती पुसली.

माझी शंका अशी की मेसेजवाल्याने दोन खटले एकात कालवलेत. १९६४ साली ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही इंग्रजी कादंबरी विकल्याबद्दल मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा सुप्रीम कोर्टाने खरोखरच कायम ठेवली होती. पाच वर्षांनी, तसल्याच प्रश्नावर, मराठी दिवाळी अंकातला लेखक मात्र सुटला. न्यायालयाचं म्हणणं असं होतं की समाजाची मापं बदलत चालली आहेत, आणि स्त्री-पुरुष संबंधाचा नुसता उल्लेख म्हणजे अश्लीलता मानली तर दुकानात फक्त धार्मिक पुस्तकं उरतील. दर वेळी लेखकाने कोवळ्या पोरांना समोर धरूनच लिहावं, हाही आग्रह त्यांना पटला नाही.

काकोडकरांच्या चाहत्यांकडूनही एक उलटा मेसेज फिरतोय: ‘सुप्रीम कोर्टाने श्यामाला श्रेष्ठ साहित्य ठरवलं.’ तेही नाही. कथेचा वाङ्मयीन दर्जा फार वरचा नसेल, लेखकाच्या अननुभवामुळे ती कच्ची, बेचवही असेल, असंच न्यायालयाने सुचवलं. पण कच्चं लिहिणं हा गुन्हा नव्हे. मला हा भाग सगळ्यात आवडतो. टीकाही झाली आणि माणूसही सुटला.

राहिली वाया गेलेली पिढी. एक साधा प्रश्न. काकोडकरांच्या ‘नीलांबरी’ या कादंबरीवर राज खोसलांनी ‘दो रास्ते’ काढला, तोही १९६९ सालीच. एकत्र कुटुंबाची, थोरल्या भावाच्या खस्तांची गोष्ट. आजी-आजोबांना घेऊन लोक तो बघायला गेले. तेव्हा कुणी कुणाला बिघडवलं?

आणि आमचं गिऱ्हाईक मी डोळ्यांनी पाहिलंय. गिरणीचा भोंगा झाला की पहिल्या पाळीचे लोक अर्णाळकर मागत यायचे. तयार विड्या कारखान्यात देऊन, उद्याची पानं-तंबाखू घेऊन घरी निघालेल्या बायका काकोडकर न्यायच्या. त्यातल्या कितीतरी जणी घरात तेलुगू बोलणाऱ्या. मराठी शाळेत चार-पाच इयत्ता झालेल्या, तेवढ्यावर वाचणाऱ्या. ‘अण्णा, परवा देते की ओ, वळायचं लई हाय,’ म्हणून मुदत वाढवून घ्यायच्या. एक अक्का तर पुस्तक परत करताना शेवट काय व्हायला हवा होता हे अण्णांना उभ्या उभ्या सांगायची. अण्णा ‘लिहून कळवा लेखकाला’ म्हणायचे. वाया गेलेली माणसं एवढी बारकाईने भांडत नाहीत.

अण्णांना स्वतःला काकोडकर आवडत नसत. ‘रडतात फार’ म्हणायचे. घरी त्यांच्या उशाशी काळा पहाड असायचा. पण शिवण उसवली, पुठ्ठा निघाला म्हणून बांधणीवाल्याकडे द्यायच्या पिशवीत दर महिन्याला जास्त पुस्तकं असायची ती काकोडकरांचीच.