आमची टॉकीज बंद होतेय, पण दोष एकट्या मोबाइलचा नाही

लहानपणी जिथे पहिला पिक्चर पाहिला ती टॉकीज बंद होतेय. कळल्यापासून सगळ्यांचा एकच सूर, मोबाइलने घात केला. मला हे पूर्ण पटत नाही.

एकच पडदा आणि शेकडो खुर्च्या, हे तिचं वैभव होतं आणि तीच तिची अडचण झाली. पिक्चर पडला की मल्टिप्लेक्सवाला तो छोट्या पडद्यावर सरकवतो, मोठ्यावर दुसरा लावतो. टॉकीजने कुठे सरकवायचा? वितरकाशी ठरलेला आठवडा रिकाम्या खुर्च्यांसमोर रेटायचा. विजेचं बिल आणि पगार काही थांबत नाहीत. शेवटी खेळ लावण्यापेक्षा इमारत पाडून जागा विकणंच मालकाला परवडतं. त्याला शिव्या घालणं सोपं आहे.

मला खरी हळहळ ऑपरेटरच्या केबिनची. तिथे दोन प्रोजेक्टर असायचे. २००० फुटांचं एक रीळ, सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने, साधारण २२ मिनिटांत संपतं. संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकायचा. तो दिसला की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर चालू करायची, सात-आठ सेकंदांनी पुन्हा ठिपका, की चित्र त्याच्यावर घ्यायचं. हे गुपित कळल्यापासून मी ऐन मारामारीतही कोपऱ्याकडेच बघत बसायचो! ठिपका हुकला तर पडदा पांढराफटक, आणि सगळं थिएटर माना वळवून केबिनकडे ओरडायचं. मागे कुणीतरी माणूस आहे, हे तेव्हा लख्ख कळायचं.

मग रीळ गेलं. फुजीफिल्मने २०१३ मध्ये चित्रीकरणाची आणि प्रिंटची फिल्म बनवणं थांबवलं. आता पिक्चर हार्ड डिस्कवर किंवा सॅटेलाइटवरून कुलूपबंद येतो, डिजिटल किल्ली वेगळी येते आणि ती ठरल्या वेळेपुरतीच चालते. चित्र स्वच्छ दिसतं, ओरखडे नाहीत, हे मान्यच. पण नव्या यंत्राचा खर्च एका पडद्याच्या कमाईतून काढायचा म्हणजे मालकाचं कंबरडंच मोडणार.

आता म्हणे नव्या इमारतीला टॉकीजचंच नाव देणार आहेत. त्या नावाशी मला काही घेणंदेणं नाही. केबिनमधले दोन्ही जुने प्रोजेक्टर मात्र भंगारात जाऊ नयेत. चित्रपट शिकवणाऱ्या संस्थेत किंवा संग्रहालयात कुणाची ओळख असेल तर कमेंटमध्ये सांगा, मालकांशी मी बोलतो.