'अमेरिकेत १६० एकर जमीन फुकट' : खुलासा

होमस्टेड कायद्याखाली अमेरिकेत आजही १६० एकर ओसाड सरकारी जमीन फुकट मिळते, लिंकवर फी भरा, असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. १८६२ चा हा कायदा १९७६ साली रद्द झाला. अलास्काला तेवढी १९८६ पर्यंत सवलत होती. रद्द करणाऱ्या कायद्याचा मजकूर आणि तिथल्या सरकारी जमीन खात्याची माहिती ऑनलाइन खुली आहे, मी तीच वाचून लिहितोय.

'फुकट' तर तेव्हाही नव्हती. फी होतीच, शिवाय पाच वर्षं तिथं राहून घर बांधायचं, जमीन कसायची आणि दोन साक्षीदार उभे करायचे. नेब्रास्का राज्याच्या माळावर लाकूड मिळेना, म्हणून लोकांनी गवताच्या मुळांसकट मातीचे थर विटांसारखे कापून घरं रचली. अनेकांना अर्ध्यातच जमीन सोडावी लागली.

'ओसाड' हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. तिथं पॉनी, लकोटा, शायेन या मूळ रहिवासी जमातींचे लोक राहत होते. करार मोडून, सैन्य घालून त्यांना हटवलं गेलं. रेल्वे कंपन्यांच्या युरोपभर लागलेल्या जाहिरातींत मात्र नुसती सुपीक जमीन दिसायची.

कृपया मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हा खुलासा पाठवा आणि फी भरू नका म्हणून सांगा.